एलएलव्हीएमची ऑप्टिमायझेशन पाइपलाइन: वाचायची कशी, वळवायची कशी आणि स्वतःचा पास कुठे बसवायचा

कंपायलरला ‘-ओ२’ ही खूण लावली की प्रोग्रॅम वेगात चालतो, एवढं सगळ्यांना ठाऊक असतं. त्या खुणेमागे कितीतरी पास, म्हणजे कोडवरून फिरून तो एकेका प्रकारे सुधारणारे टप्पे, एका ठरावीक क्रमाने धावतात (ही रांग म्हणजेच पाइपलाइन) आणि हा क्रम आपल्याला वाचता येतो, बदलता येतो, त्यात स्वतःची भर घालता येते. इथवर मात्र फार कमी जण जातात. जे जातात त्यांतले बरेचसे थेट सी++ उघडून पास लिहायला बसतात. माझं मत उलटं आहे. पास लिहिणं हे या कामातलं सोपं प्रकरण आहे. तो पाइपलाइनमध्ये नेमका कुठे बसवायचा आणि मुळात त्याची गरज आहे का, हे ठरवण्यात खरा वेळ जातो. म्हणून या लेखात पास लिहिण्याची पाळी बरीच उशिरा येईल.

उदाहरणासाठी एलएलव्हीएम हा कंपायलर बांधण्याचा संच आणि त्यावर उभा असलेला सी व सी++चा कंपायलर क्लँग घेतले आहेत. ख्रिस लॅट्नर यांनी २००० साली इलिनॉय विद्यापीठात विक्रम अडवे यांच्या मार्गदर्शनाखाली हा प्रकल्प सुरू केला. अडवे हे आयआयटी मुंबईचे विद्यार्थी. आज क्लँगच नव्हे, तर रस्ट, स्विफ्ट, ज्युलिया यांचे कंपायलरही याच पायावर उभे आहेत, त्यामुळे इथे शिकलेलं बऱ्याच ठिकाणी कामी येतं. लेखात आज्ञा आणि पासांची नावं देवनागरीत दिली आहेत; टर्मिनलवर ती अर्थातच रोमन अक्षरांत टाइप करायची.

तयारी: आवृत्ती एकच हवी

क्लँग, ‘ऑप्ट’ हे पास चालवून बघण्याचं साधन आणि हेडर फायली या तिन्ही गोष्टी एकाच आवृत्तीच्या पाहिजेत. उबुंटूवर ‘क्लँग-१८’ घेतला, तर ‘एलएलव्हीएम-१८-डेव्ह’ हेच पॅकेज घ्या. ‘एलएलव्हीएम-कॉन्फिग --व्हर्जन’ आणि ‘क्लँग --व्हर्जन’ यांचे आकडे जुळवून बघा. मॅकवर एक्सकोडसोबत येणारा क्लँग या कामाला वापरू नका. त्याचे आवृत्तीक्रमांक ॲपलचे स्वतःचे आहेत, मूळ एलएलव्हीएमशी ते जुळत नाहीत. होमब्रूमधून एलएलव्हीएम बसवा आणि त्यातलाच क्लँग वापरा.

आणखी एक सूचना. इंटरनेटवरच्या जुन्या लेखांत ‘-लोड’ आणि मग ‘-माझापास’ अशी आज्ञा दिसली, की तो लेख बाजूला ठेवा. ती जुन्या पास मॅनेजरची, म्हणजे पास क्रमाने चालवणाऱ्या जुन्या यंत्रणेची, पद्धत आहे. २०२१ च्या एलएलव्हीएम १३ पासून नवा पास मॅनेजर आपोआप लागू (डिफॉल्ट) झाला आणि जुन्याचा मधल्या टप्प्यातला आधार पुढे काढूनच टाकला. मशीन कोड तयार करणाऱ्या शेवटच्या टप्प्यात मात्र जुनी पद्धत अजून चालते. या लेखाचा विषय तो टप्पा नाही.

पाइपलाइन छापा आणि वाचा

पाइपलाइन म्हणजे शेवटी मजकूरच. ‘ऑप्ट’ला ‘-पासेस=डिफॉल्ट<ओ२>’ द्या, सोबत ‘-प्रिंट-पाइपलाइन-पासेस’ आणि ‘-डिसेबल-आउटपुट’ लावा, इनपुट म्हणून रिकामी फाइल चालते. स्वल्पविरामांनी जोडलेली एक लांबलचक ओळ मिळेल. ती एडिटरमध्ये घ्या, कंसांप्रमाणे फोडून इंडेंट करा आणि एक निवांत तास तिच्यावर घालवा. एवढ्या वेळेत जे कळतं ते कुठल्याही आकृतीतून कळत नाही.

कंसांना अर्थ आहे. ‘मॉड्यूल’ म्हणजे पूर्ण फाइल, ‘सीजीएससीसी’ म्हणजे कॉल ग्राफमधला एकमेकांना बोलावणाऱ्या फंक्शनांचा गट, मग ‘फंक्शन’ आणि सर्वांत आत ‘लूप’. पास ज्या पातळीचा, त्याच कंसात तो बसतो. पातळ्यांची सरमिसळ केलीत तर ‘ऑप्ट’ लगेच अडवतो.

वाचताना मध्यावर ‘सीजीएससीसी(डेव्हर्ट<४>(इनलाइन,…’ असा भाग दिसेल. हे पाइपलाइनचं काळीज. इथे आधी बोलावलं जाणारं फंक्शन साफ होतं, मग त्याला बोलावणारं. म्हणजे इनलायनरपुढे (कॉलच्या जागी त्या फंक्शनचा कोडच घालणाऱ्या पासपुढे) एखादं फंक्शन येतं तेव्हा ते आधीच आटोपशीर झालेलं असतं आणि त्याच्या आकाराचा अंदाज खरा निघतो. ‘इन्स्टकम्बाइन’ आणि ‘सिम्प्लिफायसीएफजी’ ही नावं पुन्हा पुन्हा दिसतील. धान्य पाखडून झाल्यावरही निवडताना परत सूप हातात घ्यावं लागतं, तसं प्रत्येक मोठ्या बदलानंतर कचरा काढायला हे दोघे येतात. एका इन्स्ट्रक्शनमध्ये अनेक अंकांवर क्रिया करायला लावणारे लूप व्हेक्टरायझर आणि एसएलपी व्हेक्टरायझर मात्र इनलायनिंग संपल्यावर, बऱ्याच शेवटी आहेत. पुढे आपला पास बसवताना हा नकाशा डोळ्यांपुढे हवा.

‘डिफॉल्ट<ओ२>’ आणि ‘डिफॉल्ट<ओ३>’ दोन्ही छापून ‘डिफ’ लावला तर फरक वाटतो त्यापेक्षा कमी निघतो. एक फरक या ओळीत दिसतही नाही: इनलायनरची मर्यादा, म्हणजे किती मोठं फंक्शन मिसळून घ्यायचं याचा आकडा. ती ‘-ओ२’ला २२५, ‘-ओ३’ला २५०, कोडचा आकार लहान ठेवणाऱ्या ‘-ओएस’ला ५० आणि ‘-ओझेड’ला ५ आहे. ‘-ओ३’ म्हणजे ‘-ओ२’पेक्षा नक्की जलद, ही समजूत मोजल्याशिवाय बाळगू नये.

कच्चा आयआर नीट काढा

प्रयोगासाठी ऑप्टिमायझेशन न झालेला आयआर, म्हणजे सोर्स आणि मशीन कोड यांच्या मधलं एलएलव्हीएमचं रूप, लागतो. इथे नवखा माणूस हमखास ‘-ओ०’ वापरतो, मग त्यावर ‘ऑप्ट’ चालवतो आणि काहीच बदललं नाही म्हणून गोंधळतो. कारण साधं आहे. ‘-ओ०’ला क्लँग प्रत्येक फंक्शनवर ‘ऑप्टनन’ हा शिक्का मारतो आणि बहुतेक पास असं फंक्शन मुकाट्याने ओलांडून जातात.

त्यावर ‘-एक्सक्लँग -डिसेबल-ओ०-ऑप्टनन’ असा उपाय सुचवला जातो. तो चालतो, पण अर्धवट. ‘-ओ०’ला क्लँग टीबीएएची माहिती, म्हणजे कुठल्या प्रकारचे पॉइंटर एकाच जागेकडे बोट दाखवू शकत नाहीत याच्या नोंदी, लिहीतच नाही. योग्य आज्ञा अशी: ‘-ओ२ -एक्सक्लँग -डिसेबल-एलएलव्हीएम-पासेस -एस -एमिट-एलएलव्हीएम’. यात क्लँग ‘-ओ२’साठी लागणाऱ्या सगळ्या नोंदी लिहितो आणि पास मात्र एकही चालवत नाही. ‘-मार्च=नेटिव्ह’ सारखा प्रोसेसरचा पर्यायही इथेच द्यायचा. तो प्रत्येक फंक्शनच्या ॲट्रिब्यूटमध्ये उतरतो आणि व्हेक्टरायझर किती रुंद रजिस्टर वापरायचं हे त्यावरून ठरवतो.

परतीच्या वाटेवरही एक खड्डा आहे. ‘ऑप्ट’मधून निघालेली फाइल ‘क्लँग -ओ२’ला दिलीत, तर तो संपूर्ण पाइपलाइन तिच्यावर पुन्हा चालवतो आणि तुमच्या प्रयोगाचा निकाल बिघडतो. आयआरचा थेट मशीन कोड करणारं ‘एलएलसी’ वापरा, किंवा क्लँगला पुन्हा ‘-डिसेबल-एलएलव्हीएम-पासेस’ लावा.

कंपायलरला आधी विचारा

काही बदलण्याआधी कंपायलरने काय केलं आणि काय का केलं नाही, हे त्यालाच विचारता येतं. ‘-आरपास=लूप-व्हेक्टराइझ’ यशाच्या नोंदी देतो, ‘-आरपास-मिस्ड’ अपयशाच्या आणि ‘-आरपास-ॲनालिसिस’ त्यामागची कारणं. मोठ्या प्रकल्पात ‘-एफसेव्ह-ऑप्टिमायझेशन-रेकॉर्ड’ लावून सगळं यामल फाइलमध्ये साठवा.

एक साधा लूप घ्या. फ्लोट संख्यांच्या ॲरेची बेरीज, चार ओळींचं काम. ‘-ओ२’ला तो व्हेक्टर होत नाही. ‘-आरपास-ॲनालिसिस’ लावलं की क्लँग सांगतो: फ्लोटिंग पॉइंट क्रियांचा क्रम बदलणं सुरक्षित आहे हे सिद्ध करता येत नाही. बरोबरच आहे त्याचं. फ्लोटच्या बेरजेत कंस हलवले की शेवटचे अंक बदलतात. पूर्णांकांची तीच बेरीज असती, तर विनातक्रार व्हेक्टर झाली असती.

इथे चूक कंपायलरची नाही, त्याच्याकडे परवानगी नाही. ती किती द्यायची हे तुम्ही ठरवायचं. ‘-एफफास्ट-मॅथ’ हा सगळ्यांत घाऊक मार्ग. पण त्यात ‘नॅन’ (‘संख्या नाही’ असं सांगणारं मूल्य) कधी येणारच नाही, असंही गृहीत धरलं जातं, त्यामुळे कोडमध्ये कुठे ‘इझनॅन’ची तपासणी असेल, तर ती गायब होऊ शकते. एकाच लूपपुरती परवानगी हवी असेल, तर त्याच्या डोक्यावर ‘#प्राग्मा क्लँग लूप व्हेक्टराइझ(एनेबल)’ लिहा. बाकीच्या प्रोग्रॅमला धक्का लागत नाही. मी नेहमी हाच मार्ग धरेन.

एखाद्या फंक्शनचं पासागणिक काय होत गेलं हे बघायचं असेल, तर ‘-प्रिंट-आफ्टर-ऑल’च्या नादी लागू नका, मजकुराचा डोंगर पडतो. ‘-प्रिंट-चेंज्ड=क्वाएट’ आणि ‘-फिल्टर-प्रिंट-फंक्स=’ एकत्र वापरा. ज्या पासने खरोखर काही बदललं तेवढेच दिसतात, तेही हव्या त्या फंक्शनपुरते. क्लँगमधून हे पर्याय ‘-एमएलएलव्हीएम’ पुढे लावून देता येतात.

पास न लिहिता बरंच होतं

वरच्या उदाहरणातून पुढचा नियम निघतो. ऑप्टिमायझर बहुतेक वेळा अक्कल कमी म्हणून थांबत नाही, माहिती कमी म्हणून थांबतो. माहिती द्यायचे रस्ते स्वस्त आहेत. दोन पॉइंटर एकमेकांना छेद देत नाहीत हे ‘रिस्ट्रिक्ट’ने सांगता येतं. कुठला रस्ता जास्त चालतो हे प्रोफाइलने सांगता येतं: ‘-एफप्रोफाइल-इन्स्टर-जनरेट’ने बांधा, खऱ्याखुऱ्या कामावर चालवा, ‘एलएलव्हीएम-प्रॉफडेटा मर्ज’ने फाइल तयार करा आणि ‘-एफप्रोफाइल-इन्स्टर-यूज’ने परत बांधा. इनलायनरची मर्यादा ‘-एमएलएलव्हीएम -इनलाइन-थ्रेशोल्ड=’ने हलवता येते, पण प्रोफाइल हाताशी असताना तो आकडा चाचपडत बसणं मला व्यर्थ वाटतं.

आता हातात एक नेमकी गोष्ट घेऊ. समजा, तुमच्याकडे एक बंद लायब्ररी आहे. तिच्यात ‘पलट’ नावाचं फंक्शन आहे: ३२ बिटांचा अंक घेतं आणि त्याचे बाइट उलटे लावून देतं. सोर्स नाही, फक्त घोषणा आहे. नेटवर्कच्या कोडमध्ये एक थर आत येताना ‘पलट’ करतो, दुसरा बाहेर जाताना. मधले छोटे फंक्शन इनलाइन झाले, की एकाच अंकावर लागोपाठ दोन ‘पलट’ उरतात आणि त्यांचा एकूण परिणाम शून्य असतो.

कंपायलरच्या दृष्टीने ‘पलट’ हे एक अनोळखी फंक्शन आहे. ते मेमरीत काहीही लिहू शकतं, अपवाद फेकू शकतं, परतच येणार नाही असंही होऊ शकतं. म्हणून पहिलं काम, घोषणेवर ‘कॉन्स्ट’ हे ॲट्रिब्यूट लावा. क्लँग त्याचं आयआरमध्ये तीन गोष्टींत रूपांतर करतो: मेमरीशी संबंध नाही, अपवाद फेकत नाही आणि परत येतोच. एवढ्या एका शब्दाने एकाच अंकावरचे दोन वेगळे ‘पलट’ एक होतात, लूपमधला न बदलणारा ‘पलट’ बाहेर काढला जातो आणि निकाल न वापरलेला कॉल उडतो. अर्ध्याहून जास्त वेळा इथेच काम संपतं.

पण ‘पलट’चा ‘पलट’ म्हणजे मूळ अंक, हे सांगायला कुठलंही ॲट्रिब्यूट नाही. इथे पास लिहिण्याला अर्थ आहे.

हाताने लिहिलेली पाइपलाइन

पास लिहिण्याआधी मजकुराच्या पाइपलाइनशी थोडं खेळून घ्या, कारण पुढे चाचण्या हिच्यावरच लिहायच्या आहेत. ‘-पासेस=’ला ‘फंक्शन(एसआरओए,इन्स्टकम्बाइन,सिम्प्लिफायसीएफजी)’ दिलं, की तेवढेच तीन पास त्या क्रमाने धावतात. लूपमधलं न बदलणारं काम बाहेर काढणाऱ्या ‘एलआयसीएम’ला मेमरीएसएसए हे मेमरीच्या वापराचं विश्लेषण लागतं, म्हणून तो साध्या ‘लूप(…)’मध्ये न घालता ‘लूप-एमएसएसए(एलआयसीएम)’ असा लिहायचा. आधी छापून घेतलेली ‘डिफॉल्ट<ओ२>’ची ओळ फाइलमध्ये ठेवून त्यातला एखादा पास गाळा, जागा बदला आणि निकाल बघा. कुठला पास कोणाच्या जिवावर चालतो ते अशाने पक्कं कळतं. स्थानिक व्हेरिएबल मेमरीतून बाहेर काढणारा ‘एसआरओए’ गाळला की पुढच्या निम्म्या पासांना करायला काही उरत नाही, कारण सगळे स्थानिक व्हेरिएबल मेमरीतच अडकून राहतात.

पास लिहिणे

आपल्या पासचं काम, साध्या शब्दांत:

फंक्शनमधल्या प्रत्येक इन्स्ट्रक्शनसाठी
    हा ‘पलट’चा कॉल नसेल तर पुढे जा
    त्याला दिलेला अंक स्वतः ‘पलट’च्या कॉलमधून आला नसेल तर पुढे जा
    आतल्या कॉलला दिलेला अंक म्हणजे मूळ
    बाहेरच्या कॉलचे सगळे वापर मूळकडे वळव
    बाहेरचा कॉल पुसून टाक

सी++मध्ये हा एक स्ट्रक्ट होतो. तो ‘पासइन्फोमिक्सिन’मधून येतो आणि त्यात ‘रन’ नावाचं एक फंक्शन असतं. त्याला फंक्शन आणि ॲनालिसिस मॅनेजर मिळतो. ते ‘प्रिझर्व्हड-ॲनालिसेस’ परत देतं. सगळं मिळून चाळीसेक ओळी. त्यांत काळजी घ्यायच्या जागा अशा.

कॉल कोणाला आहे हे ‘गेट-कॉल्ड-फंक्शन’ सांगतं, पण पॉइंटरमार्फत कॉल असेल तर ते नल देतं. नल तपासल्याशिवाय नाव विचारू नका. फक्त नावावर विसंबणंही बरं नव्हे. कोणीतरी आपल्या फाइलमध्ये ‘पलट’ नावाचं स्वतःचं वेगळंच फंक्शन लिहिलेलं असू शकतं. म्हणून ते नुसती घोषणा आहे ना, एकच अंक घेतं ना आणि घेतलेल्या व दिलेल्या अंकाचा प्रकार एकच आहे ना, हेही पाहा.

इन्स्ट्रक्शनांवरून फिरता फिरता त्यातलीच एक पुसली की इटरेटर मोडतो. ‘मेक-अर्ली-इंक-रेंज’ हे त्यासाठीच आहे: पुढच्या इन्स्ट्रक्शनचा पत्ता ते आधीच घेऊन ठेवतं. पुसायचा फक्त बाहेरचा कॉल. आतला कुठे दुसरीकडे वापरलेला असू शकतो. नसेल, तर ‘कॉन्स्ट’मुळे पुढचा एखादा सफाईचा पास त्याला उडवतोच. ‘कॉन्स्ट’ लावलं नसेल, तर मात्र तो कॉल शेवटपर्यंत तसाच राहतो आणि पास चालूनही वेग निम्माच सुधारतो. शिवाय सी++मध्ये, अपवादांच्या टापूत आलेला कॉल ‘इन्व्होक’ बनतो. तो पुसणं म्हणजे कंट्रोल फ्लो बदलणं. ‘कॉन्स्ट’ असलं, की ही वेळच येत नाही.

तीन ‘पलट’ सलग आले तर काय? वरपासून खाली जाताना दुसरा पुसला जातो आणि तिसऱ्याचा अंक आता मूळ होतो. म्हणजे तिसरा राहतो, पहिल्याचाच जुळा भाऊ म्हणून. त्याला आणि पहिल्याला पुढे जीव्हीएन हा सारख्या गणना ओळखणारा पास एक करतो. वेगळा कोड लिहावा लागत नाही.

‘रन’ जे परत देतं, म्हणजे आधीची कुठली विश्लेषणं अजून खरी आहेत, त्याबद्दल खरं बोला. काहीच बदललं नसेल तर ‘ऑल’, बदललं असेल तर ‘नन’. आपण ब्लॉकांची रचना बदलत नाही, तेव्हा ‘सीएफजी-ॲनालिसेस’ (फक्त ब्लॉकांच्या रचनेवर अवलंबून असलेली विश्लेषणं) शाबूत आहेत एवढं सांगितलं तर डॉमिनेटर ट्री वगैरे पुन्हा काढावं लागत नाही. बदल करूनही ‘ऑल’ दिलंत, तर नंतरचा पास शिळ्या माहितीवर निर्णय घेतो आणि दोष भलत्याच पासात उगवतो. या जातीचा बग शोधताना माणूस रडकुंडीला येतो.

प्लगइन म्हणून बांधणे

एलएलव्हीएमचा सोर्स घेऊन त्यात पास घालायची गरज नाही. ‘एलएलव्हीएम-गेट-पास-प्लगइन-इन्फो’ या ठरलेल्या नावाचं एक सी फंक्शन तुमच्या शेअर्ड लायब्ररीतून बाहेर दिसलं पाहिजे. ते चार गोष्टी देतं: एपीआयची आवृत्ती, प्लगइनचं नाव, त्याची आवृत्ती आणि ‘पासबिल्डर’ हाती मिळणारं एक कॉलबॅक. या कॉलबॅकमध्ये दोन नोंदी करायच्या. पहिली ‘रजिस्टर-पाइपलाइन-पार्सिंग-कॉलबॅक’, म्हणजे मजकुराच्या पाइपलाइनमध्ये तुमच्या पासचं नाव ओळखलं जातं. दुसरी नोंद जागेची. तिचं पुढे बघू.

सीमेकमध्ये ‘फाइंड-पॅकेज’ने एलएलव्हीएम शोधून मॉड्यूल लायब्ररी बांधा. लोड करताना ‘टाइपइन्फो’ सापडत नाही अशी तक्रार आली, तर आरटीटीआयचा, म्हणजे सी++मध्ये प्रोग्रॅम चालताना लागणाऱ्या प्रकारांच्या माहितीचा, मेळ चुकला आहे. ‘एलएलव्हीएम-कॉन्फिग --हॅझ-आरटीटीआय’ काय म्हणतो ते पाहा आणि उत्तर नाही असेल, तर तुमचं प्लगइनही ‘-एफनो-आरटीटीआय’ लावूनच बांधा.

आता ‘ऑप्ट’ला ‘-लोड-पास-प्लगइन=’ आणि ‘-पासेस=पलट-जोडी’ द्या. क्लँगसाठी तोच पर्याय ‘-एफपास-प्लगइन=’ असा आहे. प्लगइनला स्वतःचे पर्याय ठेवले असतील आणि ते ‘-एमएलएलव्हीएम’मधून द्यायचे असतील, तर क्लँग ते अनोळखी म्हणून फेटाळू शकतो. तेव्हा त्याच फाइलसाठी ‘-एक्सक्लँग -लोड -एक्सक्लँग’ हेही सोबत जोडावं लागतं. दिसायला विचित्र आहे, पण तसंच आहे.

कुठे बसवायचा

आता मूळ प्रश्न. ‘पासबिल्डर’ ठरावीक जागी दारं ठेवतो: पाइपलाइनच्या सुरुवातीला, प्रत्येक ‘इन्स्टकम्बाइन’नंतर, स्केलर सफाईच्या शेवटी, व्हेक्टरायझरच्या आधी, सगळ्याच्या शेवटी, अशी. आपल्या पाससाठी कुठलं?

सुरुवातीचं दार पहिल्यांदा मोहात पाडतं. बघा, तिथे आयआर कसा असतो. कोडमध्ये आधी ‘ट’ या व्हेरिएबलमध्ये पलटलेला अंक ठेवला आणि पुढच्या ओळीत ‘ट’ पलटला, तर कच्च्या रूपात साधारण असं दिसतं:

%१ = कॉल @पलट(%क्ष)
स्टोअर %१, %ट
%२ = लोड %ट
%३ = कॉल @पलट(%२)

बाहेरच्या ‘पलट’ला दिलेला अंक ‘लोड’मधून आलाय, कॉलमधून नाही. आपला पास बघतो, जोडी दिसत नाही, पुढे जातो. ‘एसआरओए’ चालला की मधले दोन्ही टप्पे वितळतात:

%१ = कॉल @पलट(%क्ष)
%३ = कॉल @पलट(%१)

आता जोडी उघडी पडली. शिवाय सुरुवातीला इनलायनिंग झालेलं नसतं आणि आपल्या जोड्या तर दोन वेगवेगळ्या फंक्शनांतून येणार आहेत. म्हणजे सुरुवातीचं दार दोन्ही अर्थांनी चुकीचं.

अगदी शेवटचं दारही नको. तिथे जोडी सापडेल, पण ती काढल्यामुळे जे पुढे सोपं झालं असतं, एखादी तुलना स्थिरांक होणं किंवा एखादा लूप व्हेक्टर होणं, ते करायला मागे कोणी उरलेलं नसतं. ‘पलट’चा अनोळखी कॉल पोटात असलेला लूप व्हेक्टरायझर एरवी सोडूनच देतो.

बरोबर जागा आहे ‘रजिस्टर-पीपहोल-ईपी-कॉलबॅक’. हा ‘इन्स्टकम्बाइन’ला लागून, पाइपलाइनमध्ये अनेकदा बोलावला जातो आणि तोही इनलायनरच्या त्या फेऱ्यांच्या आत. आतलं फंक्शन बाहेरच्यात मिसळलं, जोडी जुळली, की लगेच पकडली जाते आणि पुढचे सगळे पास मोकळे. किंमत एकच: पास वारंवार धावतो, म्हणून तो स्वस्त हवा. आपला एका फेरीत संपतो, चिंता नाही. जड विश्लेषण करणारा पास इथे बसवला, तर बांधणीचा वेळ फुगेल. ‘-टाइम-पासेस’ लावून बघत जा.

उलट प्रकारची गरजही असते. प्रत्येक फंक्शनच्या तोंडाशी मोजणीचा कॉल घालणारा पास असेल आणि इनलाइन झालेली फंक्शनंही मोजायची असतील, तर सुरुवातच बरोबर. मशीन कोडमध्ये खरोखर उरलेलीच फंक्शनं मोजायची असतील, तर शेवट. अशा पासला ‘इझ-रिक्वायर्ड’ हे फंक्शन देऊन त्यातून ‘खरं’ परत करा, नाहीतर ‘-ओ०’ला ‘ऑप्टनन’मुळे तो चालणारच नाही. आपल्या ‘पलट’च्या पासला हे मुद्दाम देऊ नका. ज्याने ऑप्टिमायझेशन बंद ठेवलंय, त्याचा कोड आपण का बदलायचा?

प्लगइन लोड करून ‘डिफॉल्ट<ओ२>’ पुन्हा छापा. ओळीत तुमच्या पासचं नाव कुठे कुठे आलं ते दिसेल. अंदाज करण्यापेक्षा हे बरं.

चाचणी आणि बिघाड शोधणे

तीन छोट्या आयआर फायली पुरेत: एक जिथे जोडी सरळ आहे, एक जिथे ती ‘एसआरओए’नंतरच दिसते आणि एक जिथे काहीही व्हायला नको, जसं दुसऱ्याच फंक्शनचा कॉल किंवा पॉइंटरमार्फत कॉल. ‘फाइलचेक’ने अपेक्षित ओळी तपासा, ‘लिट’ने सगळ्या एकदम चालवा. ‘काही होऊ नये’ ही चाचणी लोक टाळतात. तीच सर्वांत जास्त वेळा वाचवते. विकासाच्या काळात ‘-व्हेरिफाय-ईच’ कायम चालू ठेवा, प्रत्येक पासनंतर आयआर सुसंगत आहे का ते कळतं. अर्थ बदलला नाही ना, याची खात्री हवी असेल, तर ॲलाइव्ह२ हे साधन आधीचा आणि नंतरचा आयआर गणिती पद्धतीने ताडून बघतं. ‘पलट’सारख्या बाहेरच्या फंक्शनचा नियम मात्र त्याला ठाऊक नसतो, त्यामुळे या खास बदलासाठी त्याचा उपयोग नाही.

प्रोग्रॅम ‘-ओ०’ला नीट चालतो आणि ‘-ओ२’ला चुकतो, अशी वेळ आली की ‘-ऑप्ट-बायसेक्ट-लिमिट’ बाहेर काढा. आधी क्लँगला ‘-एमएलएलव्हीएम -ऑप्ट-बायसेक्ट-लिमिट=-१’ देऊन एकूण किती वेळा पास धावतात ते मोजा; प्रत्येक धावेला क्रमांक असतो. मग मर्यादा अर्ध्यावर आणा. चूक दिसली, तर आणखी खाली. नाही दिसली, तर वर. दहा हजार धावा असल्या तरी चौदा फेऱ्यांत नेमका पास आणि नेमकं फंक्शन हाती लागतं. एका वेळी एकाच फाइलवर करा, कारण क्रमांक प्रत्येक कंपायलेशनला नव्याने सुरू होतात. मग ‘एलएलव्हीएम-रिड्यूस’ने ती फाइल काही ओळींवर आणा. आणि सापडलेल्या पासवर खापर फोडण्याआधी मूळ सी कोड ‘-एफसॅनिटाइझ=अनडिफाइंड’ लावून चालवा. बहुतेक वेळा दोष कोडमधल्या अनडिफाइंड बिहेविअरचा, म्हणजे ज्याचा निकाल भाषेने ठरवूनच दिलेला नाही अशा कोडचा, निघतो. पासने तो फक्त उघडा पाडलेला असतो.

स्वतःच्या कंपायलरमध्ये वापरताना

स्वतःच्या भाषेचा कंपायलर लिहीत असाल, तर प्लगइनऐवजी थेट ‘पासबिल्डर’ वापरा. चार ॲनालिसिस मॅनेजर लागतात: लूप, फंक्शन, सीजीएससीसी, मॉड्यूल. ते याच क्रमाने जाहीर करा, म्हणजे नष्ट होताना उलट क्रम बरोबर पडतो. मग प्रत्येकाची नोंद, ‘क्रॉस-रजिस्टर-प्रॉक्सीज’ आणि शेवटी ‘बिल्ड-पर-मॉड्यूल-डिफॉल्ट-पाइपलाइन’. व्हेक्टरायझेशन, लूप अनरोलिंग वगैरे चालू-बंद करायला ‘पाइपलाइन-ट्यूनिंग-ऑप्शन्स’ आहे. रस्टवाल्यांना हे काही करावं लागत नाही; ‘-सी पासेस=’ने जादा पास आणि ‘-सी एलएलव्हीएम-आर्ग्ज=’ने पर्याय देता येतात.

लिंक करताना ऑप्टिमायझेशन होत असेल, तर क्लँगला दिलेलं प्लगइन फक्त कंपायलेशनच्या टप्प्यात चालतं. लिंकच्या टप्प्यातही हवं असेल, तर एलएलडी या एलएलव्हीएमच्या लिंकरला ‘--लोड-पास-प्लगइन=’ वेगळं द्या.

जीसीसी या दुसऱ्या कंपायलरवर काम करणाऱ्यांना हाच विचार वेगळ्या नावांनी करावा लागतो. तिथे प्लगइनची सोय २०१० च्या ४.५ आवृत्तीपासून आहे, मधलं रूप गिंपल आहे, टिपणं ‘-एफऑप्ट-इन्फो’ देतो आणि पासागणिक रूप ‘-एफडम्प-ट्री-ऑल’. आयआयटी मुंबईत उदय खेडकर यांच्या पुढाकाराने चाललेल्या जीसीसी रिसोर्स सेंटरचं शिकवणीचं साहित्य यासाठी फार उपयोगी आहे. एक व्यवहारातला फरक लक्षात असू द्या: ‘-ओ२’ला आपोआप व्हेक्टरायझेशन जीसीसीमध्ये २०२२ च्या १२ व्या आवृत्तीपासूनच आलं, तेही फार सावध हिशेबाने. क्लँगमध्ये ते आधीपासून होतं. दोन्हींची ‘-ओ२’ला तुलना करणारे जुने आकडे वाचताना आवृत्ती आधी बघा.

एलएलव्हीएमची मोठी आवृत्ती दर सहा महिन्यांनी येते आणि सी++ एपीआय स्थिर ठेवण्याचं वचन प्रकल्प देत नाही. शेवटच्या दारातल्या कॉलबॅकलाच मधल्या एका आवृत्तीत जादा आर्ग्युमेंट आलं आणि जुनी प्लगइनं बांधली जाईनात. तेव्हा सीआयमध्ये (आपोआप बांधणी आणि चाचण्या करणाऱ्या व्यवस्थेत) एलएलव्हीएमची आवृत्ती पक्की बांधून ठेवा. आवृत्ती चढवताना सगळ्यांत आधी जुनी आणि नवी पाइपलाइन छापून ‘डिफ’ करा आणि तुमचा पास ज्या ‘इन्स्टकम्बाइन’च्या शेजारी होता तो अजून तिथेच आहे का ते पाहून मग बाकीच्या चाचण्या चालवा.